सोसायट्यांचा पर्यावरण प्रकल्प विद्यापीठाबरोबर करायचाय. प्रस्ताव कुणाला आणि कसा द्यावा?

रामनदीकाठ

नमस्कार मंडळी. पाषाण-बाणेरच्या मधल्या पट्ट्यात रामनदीला लागून आमच्या ४ सोसायट्या आहेत, एकूण २१२ फ्लॅट. सगळ्यांच्या मिळून ६ बोअर, त्यातल्या २ मार्चनंतर हवा ओढतात, मग दहा हजार लिटरचे टँकर सुरू होतात. ओल्या कचऱ्याच्या टाक्या तिघांकडे आहेत, पण पावसाळ्यात वास सुटला की बंद पडतात. नदीकाठी झाडं लावावीत असाही काहींचा आग्रह आहे.

हे सगळं एखाद्या विद्यापीठाला सोबत घेऊन, मोजमाप ठेवून करायचं ठरलंय. प्रत्येक सोसायटी ४० हजार द्यायला तयार आहे, म्हणजे हाताशी १ लाख ६० हजार. ‘शाश्वत परिसर अभियान’ असा ११ पानी प्रस्ताव करून एका विद्यापीठाच्या कुलगुरू कार्यालयाला मेल केला. दोन महिने झाले, साधी पोचही नाही. आता मे संपत आलाय. नक्की कुणाला गाठायचं, प्रस्तावात काय लिहायचं, करार लागतो का आणि हे पैसे पुरतील का? जाणकारांनी सांगावं.

फायलीचा_पाठपुरावा

११ पानं आणि कुलगुरू, दोन्हीकडे चुकलंय. असा मेल वरून खाली ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन सरकत येतो आणि ज्याच्या टेबलावर थांबतो त्याचं ते काम नसतं. उलट्या बाजूनं जा. आधी एक प्राध्यापक पटवा, मग विभागप्रमुख. सह्या शेवटी.

प्राध्यापकाला तुमच्या ‘अभियाना’शी देणंघेणं नसतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याला हवा असतो विद्यार्थ्याला एका सत्रात पुरा करता येईल असा प्रश्न, आणि जिथं रोज जाता येईल अशी जागा. त्यामुळे विषय फोडा. बोअरचा विषय भूशास्त्राचा, कंपोस्टचा पर्यावरणशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राचा, घरोघरच्या सर्वेक्षणाचा समाजकार्याचा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात भूशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र हे दोन्ही विभाग गणेशखिंडीच्या आवारातच आहेत, तुमच्यापासून फार लांब नाहीत. हे अंतर महत्त्वाचं आहे. दीड तास प्रवास करून येणारा विद्यार्थी तिसऱ्या आठवड्यात गळतो. समाजकार्यासाठी कर्वे समाज सेवा संस्थेसारख्या ठिकाणी क्षेत्रकार्य अभ्यासक्रमातच असतं, तिथं विचारा.

विभागाच्या ग्रंथालयात मागच्या दोन-तीन वर्षांचे एमएस्सीचे प्रबंध असतात. ते चाळा. ज्या मार्गदर्शकाच्या नावावर बोअर किंवा कंपोस्टवरचे प्रबंध दिसतील, त्यालाच भेटा. मेल करू नका, भेटा.

आता तासांचं गणित. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीला ‘फील्ड प्रोजेक्ट’ आणि ‘कम्युनिटी एंगेजमेंट’ असे विषय आलेत, साधारण २ क्रेडिटचे. २ क्रेडिट म्हणजे ६० तास. ५ विद्यार्थी मिळाले तर ३०० तास ऐकायला भरपूर वाटतात, पण त्यातून प्रशिक्षण, जाणं-येणं आणि अहवाल वजा करा. प्रत्यक्ष कामाला १८० राहिले तरी खूप. तुमच्या २१२ घरांचं २० मिनिटांचं सर्वेक्षण म्हणजे ७१ तास. मुलं जोडीनं जाणार म्हणून दुप्पट, १४१. म्हणजे एका गटाचं सत्र फक्त सर्वेक्षणातच संपलं. तीनही विषय एका गटाच्या गळ्यात मारले तर तीनही अर्धवट राहतील.

राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं हा वेगळा प्रकार. त्यांचे वर्षाला १२० तास असतात आणि श्रमदानाला ती उत्तम. एका रविवारी ५० जण येऊन पाला गोळा करतील, पण त्यांच्याकडून पंधरवड्याची वाचनं (मोजमापाच्या नोंदी) मागू नका. आणि कुणी ‘उन्नत भारत अभियाना’त बसवा म्हणालं तर तो रस्ता तुमचा नाही, ते दत्तक गावांसाठी आहे.

वेळापत्रक: एमएस्सीचे विषय सत्राच्या सुरुवातीला, जून-जुलैत वाटले जातात. ऑगस्टमध्ये गेलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे परीक्षा. गणपती आणि दिवाळीत मुलं गावी. म्हणजे तुमच्याकडे आता तीन आठवडे आहेत.

रामनदीकाठ

धन्यवाद! करार म्हणजे एमओयू आधी करायचा की नंतर? आणि झाडांचं काय?

फायलीचा_पाठपुरावा

पहिल्या वर्षी एमओयू नकोच. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, त्याला तुमचं संमतिपत्र, बस्स. विद्यापीठाच्या वतीनं एमओयूवर कुलसचिव सही करतात, त्याआधी विधी विभाग तपासतो, आणि तेवढ्यात सत्र निघून जातं. पैशाची देवाणघेवाण असेल तर आणखी वेळ. एक सत्र नीट पार पडलं की मग ३ वर्षांचा करा.

पत्रात मात्र काही गोष्टी आत्ताच लिहून घ्या. विकत घेतलेली उपकरणं कुणाची? (तुमची. विभागाच्या साठा नोंदवहीत एकदा चढली की परत मिळत नाहीत.) मोजमापं कुणाला वापरता येतील? विद्यार्थ्याला प्रबंधात आणि तुम्हाला सोसायटीत, दोघांनाही; फ्लॅट नंबर आणि नावं काढून. घरोघर सर्वेक्षण असेल तर संमतीचा कागद मराठीत हवा, आणि विद्यापीठाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी लागते का ते मार्गदर्शकालाच विचारायला सांगा. विद्यार्थी गच्चीवर, टाकीवर चढणार असेल तर सोबत सोसायटीचा माणूस हवाच. आणि सगळ्यात दुर्लक्षित कलम: एप्रिलमध्ये मुलं गेल्यावर वाचनं कोण घेणार? तिथं पद नाही, माणसाचं नाव लिहा.

एक अडचण आत्ताच सांगतो. तुमचा चौघांचा ‘महासंघ’ नोंदलेला नसेल तर त्याच्या सहीला किंमत नाही. चारही सोसायट्यांनी आपापल्या कमिटीचा ठराव करून अध्यक्ष-सचिवांच्या सह्या द्यायच्या.

झाडं यातून काढून टाका. नदीकाठची जागा तुमची नाही. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या पुराची. त्या पट्ट्यात काही करायचं तर पालिका आणि जलसंपदा दोन्ही मध्ये येतात. नदीसाठीच काही करायचं असेल तर जीवितनदीसारखी संस्था पुण्यात काठ दत्तक घेण्याचं काम करते, त्यांच्यात सामील व्हा. दुसरी चूल कशाला?

काळा_पाषाण

पाण्याबद्दल. ६ बोअर असणाऱ्या ४ लगतच्या सोसायट्या म्हणजे भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला आयतं मिळालेलं मैदान. पण ‘रेनवॉटर हार्वेस्टिंग करून टँकर बंद करू’ असं प्रस्तावात लिहू नका, पहिल्याच प्रश्नाला अडकाल.

आधी आकडा काढा. ५०० चौरस मीटर गच्ची, ७०० मिलिमीटर पाऊस, वाहून येण्याचा गुणांक ०.८ (पडलेल्या १०० लिटरपैकी ८० हाती लागतात). उत्तर २ लाख ८० हजार लिटर, म्हणजे २८ टँकर. बरं दिसतं. पण पुण्याखालचा दगड बेसाल्ट आहे. पाणी दगडात मुरत नाही, वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगांत, थरांच्या सांध्यांत राहतं आणि तिथूनच सरकतं. तुम्ही जूनमध्ये घातलेलं पाणी मेपर्यंत तुमच्याच बोअरखाली थांबेल याची हमी नाही. उताराकडच्या शेजाऱ्याला मिळेल किंवा नदीत जाईल. पुनर्भरण (पावसाचं पाणी जमिनीत सोडणं) तरीही करावं, फक्त दावा बेतानं करावा.

म्हणून प्रश्न असा मांडा: ‘पुनर्भरण केलेल्या ३ आणि न केलेल्या ३ बोअरमधल्या पाणीपातळीत पावसाळ्यानंतर किती फरक पडतो, आणि तो किती महिने टिकतो?’ तुलनेला न केलेल्या बोअर नसतील तर अभ्यासाला अर्थ नाही. पावसाळ्यानंतर पातळी सगळ्यांचीच वर येते, पुनर्भरण न करताही. लोक नोव्हेंबरचं पाणी बघून पुनर्भरणाच्या खड्ड्याला श्रेय देतात.

त्यासाठी विद्यार्थी यायच्या आधी तुम्ही करायचं काम: प्रत्येक बोअरचा एक कागद. खोली किती, केसिंग (वरच्या भागातला संरक्षक पाइप) किती फूट, कोणत्या साली मारली, पाणी कितव्या फुटाला लागलं, पंप किती हॉर्सपॉवरचा आणि किती खाली सोडलाय, रोज किती तास चालतो. निम्मी माहिती कुणाला ठाऊक नसते, बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याचं जुनं बिल शोधा. टँकरच्या पावत्या तारखेनुसार लावा. एवढं घेऊन गेलात तर प्राध्यापक खुर्ची पुढे ओढतील.

पातळी मोजायला साउंडर लागतो: खुणांची टेप, टोकाला प्रोब, पाण्याला टेकला की बझर. दर १५ दिवसांनी, पहाटे, पंप आदल्या रात्रीपासून बंद ठेवून. पंप चालू असताना घेतलेलं वाचन पंपाचं असतं, भूजलाचं नाही. शेजारचा बंगला रात्रभर उपसा करत असेल तर तोही पकडा, त्यालाही त्या दिवशी थांबवा. राइझर पाइपचा (पंपातून पाणी वर आणणाऱ्या पाइपचा) जोड गळत असेल तर केसिंगच्या ओल्या भिंतीला लागूनही बझर वाजतो आणि पातळी खोटीच १० मीटर वर दिसते. म्हणून प्रत्येक वेळी दोनदा सोडायचा.

खड्डा खणायचा तर आधी तिथं मुरूम किती आहे ते बघा. २ फुटांवर काळा कातळ लागला तर खड्ड्याची टाकी होते आणि त्यात डास. पाणी फक्त गच्चीचं घ्या. पार्किंगचं पाणी म्हणजे ऑइल, टायरची पूड आणि ड्रेनेजच्या चेंबरवरून वाहून आलेलं सगळं. ते थेट बोअरमध्ये गेलं की सगळ्यांचं पाणी नासतं, आणि ते परत काढता येत नाही. पहिल्या पावसाचे १ ते २ मिलिमीटर बाहेर सोडायचे, म्हणजे ५०० चौरस मीटरच्या गच्चीला ५०० ते १००० लिटर. गाळणीत खाली मोठे दगड, मग खडी, वर जाड वाळू. वरचा वाळूचा थर दरवर्षी मेमध्ये काढून धुवायचा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात पाणी मागे तुंबतं.

नदीच्या पाण्याचे नमुने घ्यायचा मोह झालाच तर सोमवार-मंगळवारीच घ्या. बीओडीची (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीच्या मापाची) आपल्याकडची चाचणी २७ अंशांवर ३ दिवसांची असते. गुरुवारी नमुना दिलात तर वाचन रविवारी येतं आणि प्रयोगशाळा बंद.

पानगळ

कंपोस्टवर थोडं. ‘पावसाळ्यात वास’ हा सूक्ष्मजीवांचा प्रश्न नाही, कोरड्या मालाचा आहे. जिवाणूंचं कल्चर, पावडर, मशिन विकणारे तुम्हाला वेगळं सांगतील.

७ दिवस रोज ओला कचरा वजन करा, सोसायटीनिहाय. अंदाज नको. समजा २१२ घरांचा १३० किलो निघाला. त्याला वजनाच्या साधारण एक तृतीयांश सुका पाला लागतो, म्हणजे दिवसाला ४० किलोच्या पुढे. पावसाळ्याच्या ४ महिन्यांना जवळपास ५ टन. तो जूनमध्ये मिळत नाही! तो जानेवारी ते मार्चच्या पानगळीत गोळा करून, ताडपत्रीखाली, जमिनीपासून वर फळ्यांवर ठेवावा लागतो. अर्धवट तयार खत पुन्हा मिसळलं तर ही गरज बरीच खाली येते, उरलेलं कोकोपीटवर भागतं. पाला नाही म्हणून ओलावा वाढतो, हवा जात नाही, ढीग आंबतो. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर गेलं.

विद्यार्थ्याला देण्याजोगा प्रयोग: ९ क्रेट, ३ प्रकारचं मिश्रण (फक्त सुका पाला, पाला आणि अर्धवट खत, कोकोपीट), प्रत्येकी ३ क्रेट. रोज मधोमध तापमान, आठवड्याला ओलावा (१०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये, हे विभागात होतं), सुरुवातीला, विसाव्या आणि चाळिसाव्या दिवशी पीएच आणि कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर. एका सत्रात बसतं. लहान क्रेटमध्ये ढिगाइतकी उष्णता धरत नाही, हे मार्गदर्शकाशी आधीच बोला, नाहीतर ‘ढिगात येतात ते ५५ अंश आलेच नाहीत’ म्हणून प्रयोग फसला असं वाटतं.

आणि शेवट ठरवा. १३० किलोतून दिवसाला २०-२५ किलो खत निघतं, महिन्याला पाऊण टनापर्यंत. तुमच्या कुंड्यांना एवढं लागत नाही. ते कोण नेणार हे प्रस्तावात नसेल तर सहाव्या महिन्यात पोती जिन्याखाली दिसतील.

अजून एक. कचरा हाताळणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंना पहिल्या बैठकीपासून बसवा. वर्गीकरण कुठल्या मजल्यावर बिघडतं हे त्यांना पाठ असतं. विद्यार्थ्याला सर्वेक्षणातून जे दोन महिन्यांनी कळेल ते त्या १० मिनिटांत सांगतात. फक्त त्यांचा वेळ फुकट धरू नका, बजेटमध्ये मानधन टाका. पुण्यात हे नवीन नाही. १९९३ ची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाच्या कामातून उभी राहिली, आणि त्याच धाग्यातून पुढे स्वच्छ सहकारी संस्था आली. तो विभाग एका सत्रापुरता आला नव्हता, वर्षानुवर्षं टिकून राहिला. भागीदार निवडताना हेच बघा.

हिशोबनीस

पैशाचं थोडक्यात. १ लाख ६० हजार पुरतील, बांधकामात घातले नाहीत तर. पहिल्या वर्षी मोजमाप: वजनकाटा, साउंडर, तापमापक, क्रेट, पाण्याच्या आणि खताच्या चाचण्या, मानधन, विद्यार्थ्यांचा प्रवास आणि जेवण. (प्रवास विसरतातच, आणि मग मुलं स्वतःच्या खिशातून येतात.) २० टक्के राखून ठेवा. खड्डे, पाइप, शेड हे दुसऱ्या वर्षी.

सिंकिंग फंडाला (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीला) हात लावू नका. उपविधींत कमिटीची खर्चमर्यादा किती आहे बघा. त्यावर असेल तर सर्वसाधारण सभा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते, दुसऱ्या वर्षाचा खर्च त्याच विषयपत्रिकेवर टाका.

सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी): कंपनीला अंमलबजावणी करणारी संस्था सीएसआर-१ नोंदणीची हवी असते, आयकराच्या १२ए आणि ८०जी नोंदणीसकट. गृहनिर्माण सोसायटी त्यात बसत नाही. पैसा विद्यापीठाकडे किंवा संस्थेकडे येईल आणि खर्चाचा निर्णयही तिकडेच जाईल. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

रामनदीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ११ पानांचं एक पान केलं. मसुदा:

“विषय: ६ बोअरच्या पाणीपातळीचा वर्षभराचा अभ्यास. जागा: ४ लगतच्या सोसायट्या, २१२ फ्लॅट. आमच्याकडे: बोअरनिहाय माहितीचे तक्ते, ३ वर्षांच्या टँकरच्या पावत्या, साउंडर, सकाळी सोबत असणारा प्लंबर. अपेक्षा: एमएस्सीचा १ विद्यार्थी, पंधरवड्याला १ भेट, जुलै ते एप्रिल. दुसऱ्या वर्षी पुनर्भरण ३ बोअरला, उरलेल्या ३ तुलनेसाठी. पाणीपातळीचा तक्ता दर महिन्याला सोसायट्यांना मराठीत. एप्रिलनंतर वाचनं सोसायटीचा प्लंबर घेईल. शहराच्या पर्यावरणात मोलाचं योगदान देण्याची ही सुवर्णसंधी आहे.”

कंपोस्टचा दुसरा कागद वेगळ्या विभागाला. झाडं काढली, दोघांशी भांडण झालं. आणि हो, ताई म्हटलं तरी चालेल.

फायलीचा_पाठपुरावा

ताई, शेवटचं वाक्य काढा, बाकी ठीक. ‘प्लंबर’ऐवजी त्याचं नाव आणि तो रजेवर असला तर दुसऱ्याचं. ‘१ विद्यार्थी’ऐवजी ‘२’ लिहा. एकटा आजारी पडला तर पंधरवडा रिकामा जातो, आणि आलेखातली ती फट मार्गदर्शकाला परीक्षेत त्रास देते. कमिटीच्या ठरावाची प्रत सोबत जोडा.

काळा_पाषाण

मसुद्यात जुलैपासून म्हणताय, पण पावसाआधीची पातळी हवी ना? ती विद्यार्थी घेणार नाही, तेव्हा तो गावी असेल. मे अखेरची वाचनं तुम्हालाच घ्यावी लागतील, सहाही बोअरची, एकाच पहाटे. ती चुकली तर वर्ष गेलं.

पर्जन्यमापक गच्चीवर ठेवणार असाल तर कठड्यापासून आणि टाकीपासून लांब, आणि वाचन रोज सकाळी साडेआठला. वेधशाळेचा पावसाचा दिवस साडेआठला बदलतो, तेव्हा जुळवायला सोपं जातं.

रामनदीकाठ

साउंडर उद्या येतोय. पण प्लंबर म्हणतो, दोन बोअरमध्ये टेप खाली जातच नाही, केबलमध्ये अडकते. त्यातल्या एकीचा पंप दुरुस्तीसाठी शनिवारी वर काढणार आहेत.

काळा_पाषाण

मग शनिवार सोडू नका. पंप परत सोडताना राइझर पाइपच्या बाजूनं १ इंची पीव्हीसी पाइप सोडायला सांगा, पंपाच्या थोडं वरपर्यंत. त्याचं खालचं टोक बंद करायचं, कचरा आणि चिखल वर येऊ नये म्हणून, आणि शेवटच्या ३ मीटरला करवतीनं आडव्या चिरा पाडायच्या, म्हणजे आत-बाहेर पाणी एका पातळीला राहतं. राइझरला दर ३ मीटरवर नायलॉनच्या पट्ट्यानं बांधायचा. वरचं टोक केसिंगच्या झाकणातून बाहेर काढून त्यावर टोपी. झाकणाच्या कडेवर रंगाची एक खूण करा आणि नेहमी तिथूनच मोजा, खुणेची जमिनीपासूनची उंची वहीच्या पहिल्या पानावर. दुसऱ्या बोअरसाठी मुद्दाम पंप वर काढू नका, पुढच्या दुरुस्तीपर्यंत ती अभ्यासातून बाहेर ठेवा आणि मसुद्यात ६ चे ५ करा.